दहा हजारांवर एक बुश

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला वंदनाताई साळवे माझ्या टेबलापाशी आल्या आणि समोरच्या कागदांवर त्यांनी एक बुश ठेवला.

“मॅडम, ह्यो एक राह्यला.”

“राहिला म्हणजे?”

“समदे बॉक्स भरले. सव्वाशे झाले. एकेकात ऐंशी. दोनदा मोजलं. ह्यो हातात उरला. ह्याचं काय करू?”

मी बुशाकडे पाहिलं. मग माझ्या यादीकडे पाहिलं. यादीत सातव्या ओळीला लिहिलं होतं: ‘वरच्या एकाचं पॅकिंग.’ त्यापुढे माझ्याच अक्षरात होतं, ‘बघू’.

नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मी प्लॅनिंग बघते. म्हणजे कुठला माल कोणत्या मशीनवर कधी चढेल, किती निघेल आणि टेम्पोत कधी जाईल, याच्या याद्या करते. बावीस वर्षं हेच काम आहे. माझ्या यादीत तारीख असते, नाव असतं, आकडा असतो. ‘बघू’ नसतं. त्या दिवशी होतं, आणि त्याचीच ही हकिकत.

आधी बुश म्हणजे काय ते सांगते. लोखंडी नळीचा एक जाड, गुळगुळीत तुकडा. दांडा ज्यात फिरतो ती ही बाही. आमचा बुश दीड इंचाहून किंचित जास्त रुंद आणि दीडशे ग्रॅम वजनाचा होता. पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं आधी नमुन्यादाखल थोडे घेतले होते, ते पसंत पडले आणि आता मोठी ऑर्डर आली होती. ऑर्डर होती दहा हजार एकची.

हा एक कुठून आला, ते नगर जिल्ह्यात कुणाला समजवावं लागत नाही. आहेराच्या पाकिटावर जो एक रुपया चिकटवलेला असतो, तोच हा. आमचे मालक मूळचे श्रीगोंद्याचे. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांना शेवटी शून्य असलेला आकडा चालत नाही. शून्यावर काम थांबतं, एकावर पुढं जातं, असं त्यांचं म्हणणं. मशीन घेतली ती महिन्याच्या एक तारखेला किंवा एकवीसला. नमुन्याची ऑर्डर हजाराची होती, ती त्यांनी कंपनीला विनंती करून एक हजार एक करून घेतली. मोठी ऑर्डर दहा हजारांची होती, तिच्यावरही एक चढवून घेतला. कंपनीच्या परचेस ऑफिसरनं हसत हसत तो आकडा त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये टाकला. विनंतीचं पत्र मीच टाईप केलं होतं. ‘शुभसूचक म्हणून’ हे शब्दही माझेच.

तर एक बुश उरला होता. मी म्हटलं, त्याला एका छोट्या बॉक्समध्ये घालू आणि सव्वाशेंबरोबर पाठवून देऊ. खात्री करायला कंपनीच्या क्वालिटीचे निंबाळकर यांना फोन लावला.

“सर, एकशे सव्विसावा बॉक्स एकाच पीसचा असेल. चालेल ना?”

“नाही चालणार, मॅडम.”

“का?”

“आमच्या सिस्टीममध्ये तीन रकाने आहेत. बॉक्स किती, एका बॉक्समध्ये पीस किती, एकूण किती. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्याइतका यायला लागतो. नाही आला तर एंट्रीच होत नाही आणि गेट उघडत नाही.”

“मग दहा हजार पाठवते. एक कमी.”

“म्हणजे शॉर्ट सप्लाय. पहिल्याच मोठ्या ऑर्डरला लाल शेरा.”

“ऑर्डरचा आकडा बदलून द्या.”

“देतो की. चार सह्या लागतात. पंधरा दिवस धरा. तुमची डिलिव्हरी गुरुवारची आहे.” मग त्यांनी विचारलं, “हा एक तुमच्याचकडून आला होता ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. सभ्य माणूस.

वंदनाताई अजून उभ्याच होत्या. त्यांच्यासाठी हा नुसता एक बुश नव्हता. नागापूरच्या पुढच्या गावातल्या त्यांच्या बचत गटातल्या आठ बायका आमच्याकडे पॅकिंगला येत होत्या. आधी त्या कांदा भरायला जायच्या, हंगाम असेल तेव्हा, मिळेल त्या टेम्पोनं. इथं चालत येता येत होतं. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं. आबांनी अट घातली होती: हा लॉट तक्रारीशिवाय कंपनीत उतरला तर वर्षाचं पॅकिंग गटाला. नाही उतरला तर पुण्याची एक एजन्सी मशीनवर पॅक करून द्यायला तयारच होती.

“लॉट परत आला तर कुनाच्या नावावर जाईल?” वंदनाताईंनी विचारलं.

“पॅकिंगच्या,” मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

“पन चूक तर मोजन्यात न्हाई. आमचं बरोबर हाय.”

“तुमचं बरोबरच आहे. आकडाच चुकीचा आहे.”

त्यांनी बुशाकडे असं पाहिलं, जसं पंगतीत आगंतुक बसलेल्या माणसाकडे पाहतात, आणि जेवायला गेल्या.

मी कागद घेतला. प्रश्न सोपा होता: दहा हजार एकला कशानं भाग जातो? निःशेष भाग जाईल असा आकडा सापडला की तेवढे पीस एका बॉक्समध्ये घालायचे. दोननं जात नाही. पाचनं नाही. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीननंही नाही. सातनं भागलं, पाच उरले. अकरानं दोन उरले. तेरानं चार. नमुन्याच्या ऑर्डरला काहीच त्रास झाला नव्हता, कारण एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तेव्हा तेराचे सत्त्याहत्तर बॉक्स केले आणि पाठवून दिले. आबा तेव्हा म्हणाले होते, “बघा, एक घातला की कसं सरळ होतं.” मीही मान डोलावली होती. एका आकड्याला जमलं म्हणून दुसऱ्याला जमेलच, असं मी बावीस वर्षांत कुठल्याही मशीनबद्दल मानलं नाही. आकड्याबद्दल मात्र मानलं.

सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. प्रत्येकासमोर फुली मारली. मग मी वैतागले आणि आबांच्या केबिनमध्ये गेले.

“आबा, ही मूळ संख्या आहे.”

“म्हंजी?”

“तिला एक आणि ती स्वतः, यांखेरीज कुणीही निःशेष भागू शकत नाही.”

“मंग चांगलंच हाय की. कुनाच्या भागाभागीत न्हाई.” आबा खूश झाले.

“बॉक्स सारखे होणार नाहीत. एक तर दहा हजार एक बॉक्स करायचे, एकेका बुशाचे. नाही तर सगळ्यांचा मिळून एकच.”

“एकच करा.”

“दीड टनाचा होईल.”

आबांनी चष्मा काढला. “मॅडम, तुमी ह्यो एक काडायला सांगताय का?”

“तो आता काढताही येत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये बसलाय.”

“बसलाय न्हवं?” आबा म्हणाले. “मंग त्यो काडायचा न्हाई. तुमी बसवा.”

ही आमच्याकडची कामाची पद्धत आहे. शकुन मालकाचा, बसवायचं प्लॅनिंगनं.

संध्याकाळी सावेडीला घरी आले तेव्हा माझी मुलगी सई अभ्यास करत बसली होती. ती बीएस्सीला आहे, विषय गणित. चहा घेता घेता मी तिला सगळं सांगितलं आणि फुल्यांचा कागद दाखवला.

“एकतीसला का थांबलीस?” तिनं विचारलं.

“कंटाळले.”

“आई, मशीनची तपासणी तू अर्ध्यावर सोडशील?”

“मशीनची नाही सोडणार.”

“दहा हजार एकचं वर्गमूळ शंभराच्या जरासं पुढे आहे. म्हणजे शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. त्याच्या पुढे जायची गरज नाही. कारण भागणारा एक आकडा शंभराहून मोठा असला तर त्याचा जोडीदार लहान असणारच. पण शंभराआधी थांबायचं नाही.”

“शंभरापर्यंत मूळ संख्या किती?”

“पंचवीस. तुझ्या अकरा झाल्यात.”

पंचवीस ओळींची यादी मला कधीच जड नसते. मी नवा कागद घेतला, पंचवीस आकडे लिहिले, अकरांवर फुल्या मारल्या आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सदतीस नाही. एक्केचाळीस नाही. त्रेचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ, एकसष्ट, सदुसष्ट नाही. एक्काहत्तरला एकसष्ट उरले. त्याच्या पुढचा, यादीतला एकविसावा, त्र्याहत्तर.

बरोबर एकशे सदतीस. बाकी शून्य.

आयुष्यात शून्य बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आबांना ते शून्य चाललं नसतं.

“हे उत्तर मोबाईलवर एका सेकंदात मिळतं,” सई म्हणाली.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तू यादी करत होतीस. यादी करताना तुला कुणी अडवलेलं आवडत नाही.”

मग तिनं मला माझ्याच आकड्याची जातकुळी सांगितली. माझी समजूत होती की संख्या सम असते किंवा विषम, फार तर मूळ असते किंवा नसते. गणितवाल्यांकडे खूप जास्त रकाने आहेत. दहा हजार एक उलटा वाचला तरी तोच राहतो, तो एक रकाना. दोनच मूळ संख्यांच्या गुणाकारातून झालेला, तो दुसरा. तिसरा रकाना मी सईला दोनदा सांगायला लावला. एखाद्या संख्येला भागणारे तिच्याहून लहान असे सगळे आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. सहाला एक, दोन आणि तीन भागतात, बेरीज सहाच. अशी संख्या परिपूर्ण. बेरीज जास्त आली तर विपुल. कमी आली तर न्यून.

“दहा हजारांची बेरीज चौदा हजारांच्या वर जाते,” सई म्हणाली. “विपुल. तिला पंचवीस आकडे भागतात. कसेही बॉक्स करा. आणि दहा हजार एकची बेरीज, एक अधिक त्र्याहत्तर अधिक एकशे सदतीस. दोनशे अकरा. म्हणजे न्यून.”

“न्यून?”

“तुमच्या आबांनी शकुनाचा एक घालून विपुलाचं न्यून केलं.”

हे मी आबांना अजूनही सांगितलेलं नाही. नोकरी आहे.

एकशे सदतीस पीसचा बॉक्स वीस किलोच्या वर जात होता आणि कंपनीचा नियम पंधरा किलोचा. म्हणजे एकच मार्ग उरला: त्र्याहत्तर पीसचे एकशे सदतीस बॉक्स. मी ते लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि निवांत झोपले.

बुधवारी सकाळी स्कूटर सावेडीतून बाहेर पडते न पडते तोच डोक्यात आलं की त्र्याहत्तर स्वतःच मूळ संख्या आहे.

का अडलं ते सांगते. बॉक्समध्ये बुश उभे ठेवतात, एका थरात, ओळीनं. आमच्या सव्वाशे बॉक्समध्ये आठ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत दहा. बॉक्स उघडला की नजरेनं कळतं, पूर्ण आहे. त्र्याहत्तरच्या सारख्या ओळी होतच नाहीत. आठ नव्वे बाहत्तर, वर एक. थर करावेत तर थरही सारखे होत नाहीत. एकच ओळ करावी तर बॉक्स नऊ फुटांहून लांब. आणि ओळीत एक जागा रिकामी ठेवली तर कंपनीचा इन्स्पेक्टर म्हणणार, इथला पीस कुठे गेला? तोच एक बुश, वेष बदलून, आता प्रत्येक बॉक्समध्ये येऊन बसला होता. आधी एकदाच उरत होता. आता एकशे सदतीस वेळा उरणार होता.

आबा गेटवरच भेटले. मी त्यांना नऊ फुटी बॉक्सचं सांगितलं.

“मंग उसाची ट्रॉली लावू,” आबा म्हणाले आणि आत गेले.

पॅकिंगच्या शेडमध्ये वंदनाताईंना मी खरं ते सांगितलं. सव्वाशे बॉक्स उघडायचे आहेत. त्र्याहत्तरचे नवे भरायचे आहेत. आणि त्र्याहत्तर कसे बसवायचे ते मला माहीत नाही.

“किती म्हनला?”

“त्र्याहत्तर.”

त्या जमिनीवर बसल्या, बुशांचा एक ट्रे ओढला आणि फरशीवर बुश मांडायला लागल्या. मी घड्याळ बघत उभी. त्या बोटांनी ओळी सरकवत होत्या, दोन बुशांच्या मधल्या फटीत पुढचा बुश बसवत. वरती एक. खाली दोन. खाली तीन. मग एकदम दहा.

“दहा कुठून आले?”

“थांबा की, मॅडम.”

दहाच्या खाली नऊ, आठ, सात. मग परत आठ, नऊ, दहा. मग तीन, दोन, एक. हात झटकून त्या मागं सरकल्या.

फरशीवर सहा टोकांची चांदणी होती.

“मोजा,” त्या म्हणाल्या.

मी मोजले. त्र्याहत्तर.

“तुम्हाला कसं माहीत?”

“ठिपक्यांची रांगोळी हाय ही. मदले ठिपके. चौदा एप्रिलला विहाराम्होरं दरसाल काडतो आमी. येकदा ठिपके कमी पडले तवा मोजून ठिवले हुते, त्र्याहत्तर.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “गेल्या टायमाला तेराचे बॉक्स भरले, त्ये कसे भरले हुते, बघितलं न्हाई का तुमी?”

मी बघितलं नव्हतं. मी सत्त्याहत्तर बॉक्स मोजले होते, लेबलं तपासली होती, सही केली होती. झाकण उघडून आत पाहिलं नव्हतं.

“तेराची बी चांदनीच हुती,” वंदनाताई म्हणाल्या. “बारकी.”

पुढचं काम मला येतं ते होतं. चांदणीची मापं घेतली: रुंदी पंधरा-साडेपंधरा इंच, उंची साडेसतरा. सोळा बाय अठराचा बॉक्स बाजारात तयार मिळतो. एमआयडीसीतच खोकीवाला आहे. आबांनी स्वतः फोन केला. “एकशे चाळीस पायजेत. आत्ता. छापलेले नसले तरी चालतील.” आणि फोन खाली ठेवून मला म्हणाले, “तीन जास्तीचे सांगितलेत. एकशे सदतीस कुनी मागतं का?” म्हणजे गैरसोयीचा आकडा त्यांनाही ओळखता येतो. दुसऱ्याकडून माल घ्यायचा असला की. शेवटचं शून्यही मग चालतं.

चांदणीच्या टोकांमध्ये सहा खाचा राहतात. बॉक्सच्या चार कोपऱ्यांकडे मोठ्या, दोन्ही बाजूंना छोट्या. तिथं बुश हलू नयेत म्हणून फोमचे तुकडे लागणार होते. वंदनाताईंनी कागदावर दोन साचे कापून दिले. दोन बायका फोम कापायला, बाकीच्या भरायला, दर तासाला अदलाबदल. ही यादी मी केली. पहिला बॉक्स भरल्यावर फोटो काढून निंबाळकरांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर येईना. मग फोन आला.

“मॅडम, हे काय आहे?”

“त्र्याहत्तर पीस.”

“ओळी किती?”

“तेरा. पण सारख्या नाहीत.”

“मग आमच्या माणसानं मोजायचं कसं?”

“मोजायचं नाही. बघायचं. एक जरी कमी असला तरी चांदणी मोडलेली दिसते.”

“असं तुम्ही म्हणता.”

“हो.”

“पाठवा. गेटवर मी स्वतः उघडून बघेन. एक जरी बॉक्स चुकला तर पूर्ण लॉट परत.”

हे मी वंदनाताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “मंग येक बी चुकायचा न्हाई.”

आठ बायका, एकशे सदतीस बॉक्स. प्रत्येकीला सतरा केले तर एकशे छत्तीस होतात. कागदावर हा भागाकार केला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. इथंही एक उरत होता.

“त्यो तुमी भरा,” वंदनाताई म्हणाल्या. “तुमी टाईप केला हुता न्हवं पत्रात?”

बाकीच्या सात जणी हसल्या. पत्राची गोष्ट शेडपर्यंत कशी गेली हे मी अजून शोधते आहे.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकशे छत्तीस बॉक्स भिंतीला लागले होते. मी माझा भरायला बसले. वरती एक, खाली दोन, खाली तीन. मी चष्मा लावून, बोलून मोजत होते. दहा. नऊ. आठ. सात. बायका आपले डबे आवरत मला बघत होत्या. मी शेवटचा बुश ट्रेमधून उचलला, बसवला आणि झाकण लावायला चिकटपट्टी घेतली.

“मॅडम,” वंदनाताई शेडच्या दारातून म्हणाल्या, चांगल्या पंधरा फुटांवरून. “टोक मोडलंय.”

“काय?”

“खालचं टोक न्हाई तुमच्या चांदनीला.”

मी पाहिलं. खाली तीन होते, दोन होते. शेवटचा एक नव्हता. ट्रे रिकामा. टेबलांखाली पाहिलं. बाकी बॉक्स सगळे बरोबर, त्यात एक जास्त घालायला जागाच नाही. म्हणजे एकूण दहा हजार. एक कमी. सहा वाजायला आले होते आणि मशीनवर आता बुशाचं सेटिंगही नव्हतं. सगळा लॉट एका बुशासाठी अडकणार, आणि तोही मी भरलेल्या बॉक्समुळे, आणि नाव जाणार पॅकिंगचं.

“काल तुमच्या टेबलावर ठिवला हुता मी येक,” वंदनाताई म्हणाल्या.

तो तिथंच होता. कागद उडू नयेत म्हणून मी दिवसभर तो माझ्या यादीवर ठेवला होता.

तो आणला, पुसला, टोकाला बसवला. वंदनाताईंनी दारातूनच मान हलवली. सकाळी मी निंबाळकरांना जे फोनवर ठासून सांगितलं होतं, ते खरं आहे हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी सकाळी टेम्पो लागला. चार पॅलेटवर चौतीस-चौतीस बॉक्स गेले. पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी फळी. चार चौतीस किती होतात ते वाचकांनी करून बघावं. उरलेला एक बॉक्स ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवला.

“ह्याचं तिकीट काडायचं का?” ड्रायव्हरनं विचारलं.

“पट्टा लाव त्याला,” आबा म्हणाले. ते नारळ घेऊन आले होते.

दुपारभर फोन आला नाही. वंदनाताईंना त्या दिवशी काम नव्हतं, तरी त्या आल्या होत्या. शेड झाडली, कातऱ्या पुसल्या, फोमचे उरलेले तुकडे मापाप्रमाणे दोन पिशव्यांत भरले. चार वाजता फोन वाजला तेव्हा मात्र त्या माझ्या टेबलापाशी होत्या. मी स्पीकर लावला.

“वीस बॉक्स उघडले,” निंबाळकर म्हणाले.

“मग?”

“मोजले. प्रत्येकात त्र्याहत्तर. मग पुढचे वीस नुसते बघितले. तुमचं बरोबर आहे, मोजावं लागत नाही. एंट्री झाली. आमचे लोक फोटो काढतायत. पॅकिंग कुठल्या एजन्सीचं आहे?”

“एजन्सीचं नाही. वंदना साळवे म्हणून आहेत. त्यांच्या गटाचं.”

“त्यांना सांगा, आम्ही हे स्टँडर्ड करतोय.”

फोन ठेवला. हातातल्या कातरीची धार वंदनाताईंनी बोटानं बघितली. मग म्हणाल्या, “मॅडम, कातऱ्या दोन चांगल्या घ्या. ह्या फोमला बोथट हुत्यात. आनि बसायला पाट पायजेत, आठ.”

आबांनी त्याच आठवड्यात वर्षाच्या कामाच्या कागदावर सही केली. पाट नऊ आणले.

महिनाभरानं कंपनीकडून छापील कागद आला. त्यावर चांदणीचं ड्रॉइंग होतं, मापांसकट, आणि खाली लिहिलं होतं की यापुढे या बुशाचा स्टँडर्ड पॅक त्र्याहत्तरचा. सुटे पीस स्वीकारले जाणार नाहीत. सोबत पुढची ऑर्डर: शंभर बॉक्स. सात हजार तीनशे पीस.

आबांनी शेवटची दोन शून्यं बघितली.

“एक चडवा.”

“आता नाही चढणार, आबा. स्टँडर्ड पॅक आहे. त्र्याहत्तरच्या पटीतच घेतात. सात हजार तीनशे एक लिहिलं तर सिस्टीम घेणारच नाही.”

“ह्यो नियम कुनी केला?”

“तुमच्या एकामुळे झाला.”

आबांनी कागद लांब धरला, जवळ धरला. मी ठरवलं होतं की त्यांना वेळ द्यायचा. एका माणसाचा शकुन त्याच्याच शकुनानं बंद पडला होता. अशा वेळी घाई करू नये.

“पीस चडत न्हाई,” ते म्हणाले. “बॉक्स तर चडतोय न्हवं? एकशे एक बॉक्स करा.”

मी गुणाकार केला. सात हजार तीनशे त्र्याहत्तर. कंपनीच्या सिस्टीमनं एकही प्रश्न न विचारता तो आकडा घेतला. आबांनी तो मोठ्यानं दोनदा वाचला आणि म्हणाले, “बघा, एक घातला की कसं सरळ होतं.”

घरी सईला विचारलं. एकशे एक ही मूळ संख्या आहे. ह्या वेळी शंभरापर्यंत जावं लागलं नाही, दहापर्यंत तपासलं की पुरतं. चार पॅलेट, प्रत्येकावर पंचवीस बॉक्स.

माझ्या डिस्पॅचच्या यादीत तेव्हापासून सातवी ओळ कायमची ठरलेली आहे. ‘बघू’ खोडलंय. आमच्याकडे वरचा एक काढता येत नाही, एवढं मी शिकले. तो कुठे बसणार, हे मात्र आधी लिहून ठेवता येतं. सध्या तो ड्रायव्हरशेजारी बसतो, पट्टा लावून.